शेंगदाण्याच्या तेलातलं जंगल

"माझ्या बायकोचं करिअर उंदरांनी खाल्लं," असं श्रीकांत चारचौघांत सांगतो. आमच्या सनीव्हेलच्या ओळखीपाळखीत सगळे सॉफ्टवेअरवाले नाहीतर चिपवाले. गेट-टुगेदरला कुणी नवीन जोडपं आलं की ओळखपरेड व्हायची. हा अमुक टीमला लीड करतो, ती तमुक प्रॉडक्ट बघते, आणि मग माझा नंबर. "मी जंगलात असते. उंदरांपासून पाइनच्या बिया वाचवते." मग कुणीतरी भला माणूस विचारायचा, "म्हणजे पेस्ट कंट्रोल का, वहिनी?" एकीने तर तिथल्या तिथे गराजमधल्या उंदरांसाठी अपॉइंटमेंट मागितली होती. तिची मुलं मला अजून 'माउस मावशी' म्हणतात. मला काही वाईट वाटत नाही. सगळे एकमेकांना काका-मावशी म्हणतात त्या गर्दीत मी निदान ओळखू तरी येते.

कोकणातल्या शेती कॉलेजात मी बियाण्यांचा विषय घेऊन शिकले, लग्न करून इकडे आले, आणि दोन हजार एक साली सिएराच्या डोंगरातल्या एका लहानशा केंद्रात चिकटले. जळालेली जंगलं पुन्हा उभी करण्याची कामं ते केंद्र घ्यायचं. सोमवारी पहाटे गाडी काढायची, चार तास ड्राइव्ह करायचं, गुरुवारपर्यंत केंद्राच्या ट्रेलरमध्ये राहायचं आणि परत यायचं. श्रीकांत तेवढ्यात खिचडी आणि ऑम्लेट शिकला, हा माझ्या नोकरीचा जोडफायदा.

आता आमचा धंदा काय ते सांगते. जंगल जळलं की दोन रस्ते असतात. एक, नर्सरीत रोपं वाढवून लावायची. दुसरा, सरळ बी पेरायचं. पेरणी स्वस्त, सोपी, आणि उभ्या कड्यावर जिथे रोपांचे ट्रे नेता येत नाहीत तिथे हाच एक उपाय. अडचण एकच, उंदीर. आपल्याकडच्या घुशीसारखा नव्हे हो, चांगला देखणा प्राणी. टपोरे डोळे, पांढरंशुभ्र पोट, बोटभर जीव. आग लागून गेली की सगळ्यांच्या आधी हा परत येतो. तुम्ही दिवसभर उन्हात वाकून पेरा, हा मागून येऊन एकेक बी उकरतो, साल सोलतो, आतला गर खातो, आणि टरफलं ओंडक्यावर नीट ढीग करून ठेवतो. आपल्याला दिसावीत म्हणूनच ठेवत असणार, असं माझं मत आहे.

फार पूर्वी बियांना विष लावत. त्याने उंदीर मेले, मग ते उंदीर खाल्लेली घुबडंही मेली, आणि ते बंद झालं. आम्ही मारणाऱ्यातले नव्हतो. बीला असं काही लावायचं की उंदराने तोंड वाकडं करून निघून जावं, एवढंच आमचं काम. गिऱ्हाइकांना हे पटायचं नाही. एका जमीनदाराने गंभीरपणे विचारलं होतं, "तीस मांजरं सोडली तर?" मी म्हटलं, "सोडा की. मग पुढच्या वर्षी कोल्हे आमच्याकडे मांजरांची तक्रार घेऊन येतील."

माझा साहेब डेल. साठी ओलांडलेला, सहा फुटी, आणि बोलण्यात आमच्या कोकणातल्या खोतांइतका काटकसरी. (तो इंग्रजीतच बोलायचा, मी माझ्या मराठीत सांगतेय.) त्या डोंगराची एक उतरण होती, तिच्यावर शुगर पाइनची म्हातारी झाडं. या झाडाचं फळ, म्हणजे ते लाकडी बोंड, हातभर लांब. आत सीताफळाच्या बीएवढ्या काळपट बिया. दरवर्षी नीट धरतही नाही, तीन-चार वर्षांनी एकदा लहर लागते त्याला. डेलने तरुणपणापासून या उतरणीवरची झाडं जपली होती. दोन हजार तीनच्या सप्टेंबरमध्ये झाडं भरली, तर त्याने या वयात दोर बांधून वर चढून एक पोतं बी काढलं. मी खालून ओरडत होते, "डेल, पुरे!" तो वरून, "अजून एक!" आणि पुढच्याच महिन्यात आगीने ती उतरण पार काळी करून टाकली. एकही झाड उरलं नाही. त्या झाडांचं जे काही जगात शिल्लक होतं ते डेलच्या शीतपेटीतलं ते एक पोतं.

सगळे म्हणाले, नर्सरीला दे. डेल म्हणाला, नाही, या झाडांची मुळं पहिल्या दिवसापासून या दगडातच जायला हवीत, मी पेरणार. जमिनीच्या मालकांचा मॅनेजर भला होता पण घाईचा होता. त्याने अट घातली. पेरलेल्या प्रत्येक जागी खुंटी ठोका, दोन उन्हाळ्यांनंतर मोजणी करू. रोपं पुरेशी नसली तर यंत्र लावून भलतीकडच्या बियाण्याची, फर या दुसऱ्याच झाडाची रोपं रांगेने लावीन. म्हणजे उतरण हिरवी झाली असती, पण डेलची झाडं कायमची संपली असती. त्यात डेल दोन वर्षांत रिटायर होणार.

मग पुढच्या वर्षी, दोन हजार चारच्या ऑक्टोबरात, बैठक झाली. बीला काय लावायचं? डेलने माझ्याकडे पाहिलं. "वासू, तुमच्या लोकांना तिखटातलं कळतं." माझं नाव वसुधा. तिखट लावलं की उंदराच्या तोंडाची आग होते, पक्ष्यांना मात्र ते कळतसुद्धा नाही, हे खरंच आहे. मी छाती फुगवून म्हटलं, "सोड माझ्यावर."

त्या शनिवारी मी सनीव्हेलच्या इंडियन स्टोअरमधून एक्स्ट्रा हॉट तिखटाची बारा पाकिटं उचलली. काउंटरवरचा गुजराती काका म्हणाला, "बेन, दिवाळीला काय मोठी पार्टी?" मी म्हटलं, "हो काका, हजारभर पाहुणे आहेत." दिवाळी तोंडावर आली होती म्हणून फराळासाठी शेंगदाणा तेलाचा मोठा कॅनही घेतला. दोन्ही गाडीच्या डिकीत शेजारी शेजारी बसले. घोटाळा तिथेच झाला.

तिखट बीला चिकटवायला आम्ही एक गोंदासारखा चीक वापरायचो. सोमवारी डबा उघडला तर चीक दगड झालेला. नवीन यायला दहा दिवस, आणि हवामानवाले सांगताहेत की शनिवारी पाऊस. शुगर पाइनच्या बीला अख्खा हिवाळा जमिनीत गारठून निघावं लागतं, तेव्हा ते वसंतात उगवतं. म्हणजे पेरायचं तर आत्ताच. मी विचार केला, आपल्याकडे चटणीला तिखट कशाने धरतं? तेलाने! डिकी उघडली, कॅन काढला, आणि अर्धं पोतं बी परातीत घेऊन दोन्ही हातांनी असं मस्त चोळलं की सासूबाईंनी शाबासकी दिली असती. बिया लालभडक, चकचकीत झाल्या. ग्लोव्ह फाटका निघाला आणि तोच हात मी डोळ्याला लावला, ते सोडा. डेलने विचारलं, "कशात कालवलंस?" मी नळाखाली डोकं घालून ओरडले, "तेलात!" त्याने वहीत लिहिलं, तेल.

तीन दिवसांत आम्ही वरची अर्धी उतरण पेरली. बोटभर भोक, त्यात पाच बिया, वर माती, शेजारी खुंटी. शनिवारी पाऊस आला. मी खुशीत चकल्या तळल्या.

पुढच्या सोमवारी मी उंदीर मोजायचे पिंजरे लावायला बसले. पिंजरे असे की उंदीर आत येतो, आपण मोजतो, सोडून देतो. त्यात आमिष म्हणून काय घालतात? गेली तीन वर्षं दर सोमवारी मीच घालत होते. ओट्समध्ये कालवलेलं पीनट बटर. मी बरणीचं झाकण फिरवलं, वास आला, आणि मी झाकण तसंच परत लावलं.

अहो, शेंगदाणा! उंदराला मैलावरून बोलावून आणणारा पदार्थ! मी त्याच्या पाच पाच गोळ्या करून उतरणभर पेरल्या होत्या, वर खुंट्या ठोकून, म्हणजे बिचाऱ्यांना पत्ता शोधायचा त्रास नको. शिकलेली बाई, बियाण्यांतली डिग्री! पण माझ्या डोक्यात पीनट बटर ऑफिसात होतं आणि शेंगतेल स्वयंपाकघरात, आणि दोघांची कधी गाठच पडली नव्हती.

धावत वर गेले. डेल आधीच तिथे उभा होता. ओंडक्याओंडक्यावर लाल टरफलं. खुंटीपाशी उकरलेली भोकं, एकही सुटलं नव्हतं. डेल गुडघ्यावर बसला, एक टरफल तळहातावर घेऊन पाहत राहिला. मग म्हणाला, "माझी चूक. नर्सरीला द्यायला हवं होतं. सगळे सांगत होते."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. 'डेल, तुझी नाही, माझी चूक,' एवढी पाच शब्दांची गोष्ट. तोंड उघडलं आणि परत मिटलं. या एका गोष्टीची मला आजही लाज वाटते.

त्या दिवसांत सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि अपार्टमेंटमध्ये कंटाळल्या होत्या. "इथं रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही गं, निस्त्या गाड्या," असं रोज म्हणायच्या. पुढच्या खेपेला त्यांना बरोबर घेतलं. गाडीत चार तास दोघीच, मग सगळं ओकले. सासूबाई आधी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. "अगं, उंदराला शेंगतेलातली चटणी? भाकरी तेवढी द्यायची राहिली की!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "त्या माणसाला सांगून टाक. तेलाचा डाग झाकून राहत नाही."

"सांगते, आई. जरा वेळ बघून."

"वेळ काय पंचांगात बघणार हायस?" एवढं म्हणून त्या मुद्द्यावर आल्या. "आणि उरलेल्या अर्ध्या बीला एरंडेल लाव. माझ्या तुरीला आजवर किडा शिवला नाही. त्या वासानं उंदीर डब्याकडं फिरकत नाही."

खरंच की! डाळीला, गव्हाला एरंडेल चोळून वर्षभर ठेवणाऱ्या घरातली मी. फार्मसीतून होत्या नव्हत्या तेवढ्या एरंडेलाच्या बाटल्या आणल्या. फार्मसीतल्या मुलीने माझ्याकडे अतिशय सहानुभूतीने पाहिलं आणि रेस्टरूम कुठे आहे ते न विचारता सांगितलं.

सासूबाईंनी ट्रेलरमध्ये वर्तमानपत्र पसरून बैठक मारली. डेलला समोर बसवलं. यांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, तरी काम उत्तम चाललं. "तसं नव्हं हो डेलभाऊ, बोटांनी नव्हं, तळव्यानं!" म्हणून त्यांनी त्याचा हात धरून दाखवलं. तिखटाचं पाकीट हुंगून मला म्हणाल्या, "कसलं गं हे, नुसता रंग." त्यांनी आपल्या बॅगेतलं सांगलीहून आणलेलं तिखट काढलं. डेल सलग नऊ वेळा शिंकला. "एरंडेल का?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "आईंचा अनुभव आहे." तेवढंच. वेळ बघायची राहूनच गेली.

खालची अर्धी उतरण आम्ही एरंडेलाच्या बियांनी पेरली. पुढच्या सोमवारी पाहिलं, एकाही खुंटीला धक्का नाही. उंदीर जवळ येऊन, वास घेऊन, आल्या पावली परत गेल्याच्या खुणा मातीत स्पष्ट. सासूबाईंची कॉलर टाइट. जानेवारीत त्या परत जाताना डेलने त्यांना शुगर पाइनचं बोंड भेट दिलं. ते अजून सांगलीत टीव्हीवर आहे.

मेमध्ये खालच्या उतरणीवर खुंटीखुंटीपाशी हिरव्या पिसांचे तुरे आले. मी नाचायची बाकी होते. वर मात्र काही नाही. डेल वर जायचाच नाही. आणि मग जुलै आला. जळकी काळी जमीन, सावलीचा पत्ता नाही. ऑगस्टपर्यंत एरंडेलवाली रोपं, जी आम्ही उंदराच्या तोंडून वाचवली होती, ती एकेक करून उन्हाने करपली. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत खुंट्यांपाशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

डेल त्या दोन वर्षांत म्हातारा झाला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तसाच बसायचा. एकदा मला म्हणाला, "मी हट्ट केला नसता तर ती झाडं आज नर्सरीत असती." मी माझं सँडविच बघत बसले. नालायकपणा, दुसरं काय.

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये मोजणीचा दिवस आला. मॅनेजर दुपारी येणार होता. डेल खाली खुंट्या मोजत होता. वरच्या भागात निदान खुंट्या तरी उपटून ठेवू म्हणून मी एकटी वर चढले. ऊन मी म्हणत होतं. आगीनंतर नव्याने फुटलेलं एक झुडूप होतं, त्याच्या सावलीला टेकले. पाणी प्यायले. हात मागे टेकवला तर काहीतरी मऊ टोचलं.

शुगर पाइन. एक नाही, अकरा! मेथीची जुडी खोचून ठेवावी तशी एका ठिकाणी अकरा रोपं, दोन उन्हाळे काढलेली, गडद, तरतरीत. मी रांगत पुढच्या झुडपाकडे गेले. तिथे सात. जळक्या बुंध्याच्या आडोशाला नऊ. जिथे सावली तिथे जुडी. खुंटीपाशी मात्र एकही नाही.

मी अशी किंचाळले की डेलला वाटलं साप चावला. धापा टाकत आला. मी नुसतं बोट दाखवलं. तो जुडीपाशी पोटावर आडवा झाला, बोटाने माती थोडी बाजूला केली, मुळाशी अडकलेलं लालसर टरफल काढलं, हुंगलं. मग हळूच म्हणाला, "हे आपण पेरलेलं नाही. हे उंदरांनी पुरलंय. खायला नेलं, पुरून ठेवलं, आणि विसरले. पण इतकं? जत्रा लुटल्यासारखं का नेलं त्यांनी? वासू, बीला काय लावलं होतंस?"

आता पळायला जागा नव्हती. "शेंगदाण्याचं तेल," मी म्हटलं. "तू जे पिंजऱ्यात घालायला लावतोस तेच, पण फिल्टर्ड. डेल, चूक तुझी नव्हती. पहिल्या सोमवारपासून मला माहीत होतं." आणि मी रडायला लागले, घामात आणि धुळीत, अगदी शेंबूड येईपर्यंत.

डेलने ते टरफल खिशात ठेवलं. मग म्हणाला, "नोव्हेंबरात सांगायला हवं होतंस. मला झोप तेव्हाही लागली नसती. पण दोघं मिळून जागलो असतो."



मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हाही रडतोय. तो हसत होता. "चाळीस वर्षं मी उंदरांना बियांपासून लांब ठेवतोय," तो म्हणाला, "आणि तू त्यांना जेवायला बोलावलंस." आम्ही दोघं तिथे बसून उलगडा करत राहिलो. शेंगतेलाच्या वासाने ते आले. तोंड लावलं तर तिखट, काहींना सोसलं त्यांनी तिथेच फडशा पाडला, बाकीच्यांनी नंतर बघू म्हणून पुरून ठेवलं. आपण नाही का फार झणझणीत झालेली भाजी फ्रीजमध्ये मागे सारतो आणि विसरतो? तसंच. फक्त उंदीर पुरतो ते सावलीत, ओलीत, बरोबर खोलीवर. आम्ही पुरलं उघड्यावर, सरळ रांगेत, खुंटीशेजारी. निदान आमचा असा अंदाज आहे. उंदरांना कोण विचारणार?

दुपारी मॅनेजर फॉर्म घेऊन आला. फॉर्म खुंट्यांचा. वरच्या उतरणीवर खुंट्यांपाशी रोपं शून्य. डेलने त्याला हाताला धरून झुडपाझुडपाखाली वाकवलं. तासाभराने तो माणूस गुडघे झटकत उभा राहिला, म्हणाला, "रोपं भरपूर आहेत, डेल. तुझी उतरण तुझ्या झाडांचीच राहू दे. पण मी हे लिहू कसं? फॉर्मवर पेरणाऱ्याच्या नावाचा रकाना आहे."

डेलने फॉर्म हातात घेतला. त्या रकान्यात आधीपासून आमची दोघांची नावं होती. ती दोन्ही त्याने खोडली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'उंदीर'. खाली शेऱ्यात, 'जेवणाची व्यवस्था: वसुधा.'

दोन आठवड्यांनी मालकांच्या ऑफिसातून फोन आला. बाई फार नम्र होत्या. 'उंदीर' या नावाच्या कॉन्ट्रॅक्टरचे विम्याचे कागद फाइलमध्ये सापडत नाहीत, पाठवाल का? मी म्हटलं, "ते जागेवरच राहतात. तुम्हीच येऊन घ्या."

डेल त्याच डिसेंबरात रिटायर झाला आणि मुलीकडे मिशिगनला गेला. मी दोन हजार आठपर्यंत तिथे राहिले, मग केंद्र बंद झालं. निघायच्या आठवड्यात वर जाऊन आले, जुड्या गुडघ्याला लागत होत्या. डेलला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "एका जुडीत एकच रोप ठेवायचं असतं, बाकीची काढावी लागतील. काढलीस का?"

"नाही," मी म्हटलं. "हात होत नाही."

"माझाही झाला नसता," तो म्हणाला.

दर नोव्हेंबरला मिशिगनहून एक पार्सल येतं. आत पीनट बटरची बरणी, झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर थरथरत्या अक्षरात, 'वासूच्या टीमसाठी'. श्रीकांतला ते टोस्टला लावायचं असतं. मी हात लावू देत नाही. दिवाळी झाली की आम्ही चार तास ड्राइव्ह करून वर जातो, आणि ती बरणी मी झुडपांपाशी उघडी करून ठेवते. गेल्या वर्षी सासूबाईंनी फोनवर आठवण केली, "नुसतं गोड नको गं, थोडं तिखट टाक वरून. नाहीतर सगळं तिथंच खाऊन टाकतील."